दीप्तिकालिता, सस्तन प्राण्यांतील

दिवसातील प्रकाशमय भागाच्या लांबीला दीप्तिकाल असे म्हणतात. दीप्तिकाल वर्षभर बदलत असतो व या बदलाला अनुसरून सजीवांच्या शरीरक्रियांत आणि वर्तनात जे फेरफार होतात, त्यांना दीप्तिकालिता ही संज्ञा आहे. वनस्पती, कीटक, पक्षी व सस्तन प्राणी या सर्वांत दीप्तिकालिता आढळते. सस्तन प्राण्यांत ती मुख्यत्वे प्रजनन, अंगावरील केसांची वाढ व गळ, वजनातील चढउतार, शीतनिष्क्रियता (हिवाळ्यातील दीर्घ सुप्तावस्था) इत्यादींत दिसून येते. या प्राण्यांत डोळ्यांनी ग्रहण केलेल्या प्रकाशाची माहिती मेंदूतील दैनिक जैव घड्याळामार्फत तृतीय नेत्र पिंडाकडे जाते व तेथून रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या हॉर्मोनाच्या (रक्तात मिसळून दूरच्या अवयवांवर परिणाम करणाऱ्या स्रावाच्या) रूपाने सर्व शरीराला पोहोचते. मेलॅटोनिन हे प्रजननाला सरसकट चालना देणारे वा सरसकट रोखणारे हॉर्मोन नव्हे. रात्र किती लांब आहे एवढेच ते कळविते. त्या माहितीचा अर्थ प्रत्येक जाती आपल्या जीवनक्रमानुसार लावते. त्यामुळे एकाच संकेताने हॅमस्टरचे प्रजनन थांबते, तर मेंढीचे सुरू होते.

ऋतूचा निर्देशक : समशीतोष्ण व शीत कटिबंधांत पिलांचा जन्म केव्हा होतो यावर त्यांचे जगणे अवलंबून असते. पिलांना पाजणाऱ्या मादीची अन्नाची गरज गर्भारपणातील गरजेहूनही जास्त असते आणि नवजात पिलाला कडक थंडी सोसत नाही. म्हणून बहुतेक जातींत जन्म वसंत ऋतूत किंवा उन्हाळ्याच्या आरंभी होतात. त्यासाठी शरीराला आगाऊ तयारी करावी लागते. आक्रसलेल्या वृषणांची पुन्हा पूर्ण वाढ होण्यास कित्येक आठवडे लागतात, जाड केसांचे आवरण एका रात्रीत उगवत नाही आणि मोठ्या प्राण्यांत गर्भावधी अनेक महिन्यांचा असतो. तापमान, पाऊस व चारा यांवर विसंबून ही तयारी करणे धोक्याचे ठरते, कारण त्यांत वर्षावर्षाला फरक पडतो. याउलट एखाद्या स्थळी विशिष्ट तारखेला दिवस किती लांब असेल हे पृथ्वीच्या अक्षाच्या कलावर व त्या स्थळाच्या अक्षांशावर अवलंबून असते आणि त्यात वर्षानुवर्षे फरक पडत नाही. लंडन येथे सर्वांत मोठा दिवस सु. १६ तास ४० मिनिटांचा व सर्वांत लहान दिवस सु. ७ तास ५० मिनिटांचा असतो. मुंबईत हेच आकडे अनुक्रमे सु. १३ तास १५ मिनिटे व सु. ११ तास असे आहेत. अर्थात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा निर्देशक अधिक ठळक होत जातो.

पिलांचा जन्म सर्वसाधारणपणे एकाच ऋतूत व्हावयाचा असला, तरी गर्भावधी कमीअधिक असल्यामुळे समागमाचा काळ जातीपरत्वे निरनिराळा असतो. सायबीरियन हॅमस्टरचा (फोडोपस संगोरस) गर्भावधी सु. १८ दिवसांचा असल्याने त्याचे प्रजनन उत्तरायणात, दिवस वाढत असताना सुरू होते. मेंढीचा गर्भावधी सु. पाच महिन्यांचा आहे; म्हणून समशीतोष्ण प्रदेशातील मेंढ्या दक्षिणायनात, दिवस लहान होऊ लागल्यावर माजावर येतात. तांबडे हरिणही शरद ऋतूत समागम करते. घोडीचा गर्भावधी सु. अकरा महिन्यांचा असल्यामुळे एका वसंतातील समागमाचे शिंगरू पुढील वसंतात जन्मते. हॅमस्टर व घोडा यांना दीर्घदिन प्रजनक, तर मेंढी, शेळी व हरिण यांना लघुदिन प्रजनक म्हणतात. उत्तर गोलार्धातील मेंढ्या व हरणे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इ. देशांत नेल्यावर त्यांचा प्रजननकाल तेथील ऋतूंना अनुसरून सहा महिन्यांनी सरकला. हे सूर्यप्रकाशाच्या प्रभावाचे निसर्गतःच घडलेले प्रात्यक्षिक होय.

इतिहास : दीप्तिकालाचा परिणाम प्रथम वनस्पतींत सिद्ध झाला. डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर व एच्. ए. ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व इतर वनस्पतींच्या फुलण्यावर दिवसाच्या लांबीचे नियंत्रण असल्याचे दाखविले. पक्ष्यांसंबंधी पहिला महत्त्वाचा प्रयोग विल्यम रोवन यांनी कॅनडात केला (१९२५). हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत पिंजऱ्यातील जुंको पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी दिवस वाढवून दिला असता त्यांच्या जनन ग्रंथींची वाढ झाली. सस्तन प्राण्यांविषयीचा पुरावा १९३२ मध्ये पुढे आला. इंग्लंडमध्ये जे. आर्. बेकर व आर्. एम्. रॅन्सन यांनी शेतातील व्होल या उंदरासारख्या प्राण्यावर आणि अमेरिकेत टी. एच्. बिसोनेट यांनी फेरेटवर केलेल्या प्रयोगांतून प्रजननावर प्रकाशाचा परिणाम होतो, हे स्पष्ट झाले. एन्. टी. एम्. यीट्स यांनी १९४९ मध्ये कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने मेंढ्यांचा प्रजननकाल बदलून दाखविला. दिवसाची लांबी महत्त्वाची आहे, हे अशा रीतीने निश्चित झाले. परंतु ती मोजली कशी जाते व मोजमाप जनन ग्रंथींपर्यंत कसे पोहोचते, हे प्रश्न शिल्लक राहिले.

दैनिक जैव घड्याळ : पहिल्या प्रश्नाचे उत्तर एर्विन ब्यूनिंग या जर्मन वनस्पतिवैज्ञानिकांनी १९३६ मध्ये सुचविले होते. सजीवाच्या अंगी सु. २४ तासांचे आवर्तन असून त्याचा एक विशिष्ट भाग प्रकाशसंवेदी असतो; त्या भागात प्रकाश पडला तर सजीव ‘दिवस मोठा आहे’ असे मानतो, अशी ही कल्पना होती. सस्तन प्राण्यांत तिची कसोटी जे. ए. एलियट, एम्. एच्. स्टेटसन व एम्. मेनॅकर यांनी १९७२ मध्ये सोनेरी हॅमस्टरवर (मेसोक्रिसेटस ऑरेटस) घेतली. या प्राण्याला दररोज सु. साडेबारा तासांहून कमी प्रकाश मिळाल्यास त्याची वृषणे आक्रसतात. या मर्यादेला क्रांतिक दीप्तिकाल म्हणतात. प्रयोगात हॅमस्टरांच्या निरनिराळ्या गटांना प्रत्येक वेळी सहाच तास प्रकाश दिला. मात्र त्यानंतरचा अंधार काहींना १८, काहींना ३०, काहींना ४२ व काहींना ५४ तासांचा दिला. १८ व ४२ तास अंधार मिळालेल्या हॅमस्टरांची वृषणे आक्रसली. ३० व ५४ तास अंधार मिळालेल्यांची मात्र पूर्ण वाढलेली राहिली. पहिल्या दोन गटांत प्रकाश दर २४ वा ४८ तासांनी, म्हणजे आंतरिक घड्याळाच्या त्याच वेळी येत होता. उरलेल्या गटांत तो एका आड एक वेळा घड्याळातील ‘रात्री’ पडत होता. यावरून प्रकाशाचे वा अंधाराचे एकूण तास मोजले जात नसून प्रकाश घड्याळाच्या कोणत्या प्रहरी पडतो याला महत्त्व आहे, असा निष्कर्ष निघाला.

हे घड्याळ मेंदूत कोठे आहे, याचा शोधही १९७२ मध्येच लागला. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या दृक्-तंत्रिका (मज्जा) मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्या फुलीच्या लगेच वर, अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागात, तंत्रिका कोशिकांचे दोन छोटे पुंज असतात. त्यांना व्यत्यासोपरी केंद्रके म्हणतात. उंदरांत ती नष्ट केल्यावर हालचाल, पाणी पिणे व अधिवृक्क ग्रंथींचे स्रवण यांची दैनिक आवर्तने नाहीशी झाली. आर्. वाय्. मूर व व्ही. बी. आइक्लर आणि एफ्. के. स्टीफन व आय्. झुकर या दोन गटांनी हे कार्य स्वतंत्रपणे केले. पुढे एम्. आर्. राल्फ व त्यांचे सहकारी यांनी (१९९०) ज्यांचे घड्याळ आनुवंशिक बदलामुळे सु. २० तासांचे होते अशा हॅमस्टरांची केंद्रके सामान्य हॅमस्टरांत रोपण केली, तेव्हा त्यांचे आवर्तनही सु. २० तासांचे झाले. घड्याळ या केंद्रकांतच आहे, याचा हा निर्णायक पुरावा मानला जातो.

घड्याळ रोज जुळवून घेण्यासाठी लागणारा प्रकाशाचा संकेत सस्तन प्राण्यांत केवळ डोळ्यांतूनच येतो. जालपटलातील दृष्टीसाठी असलेल्या शलाका व शंकू या कोशिकांखेरीज मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य असलेल्या काही तंत्रिका कोशिका या कार्यात भाग घेतात, असे २००२ मध्ये निश्चित झाले. त्यामुळे शलाका व शंकू निकामी झालेल्या उंदरालाही दिवस-रात्र कळू शकते.

तृतीय नेत्र पिंड व मेलॅटोनिन : मेंदूच्या मध्यभागी असलेला तृतीय नेत्र पिंड दीर्घकाळ निरुपयोगी अवशेष समजला जात होता. ए. बी. लर्नर व त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये गाई-बैलांच्या या पिंडांपासून एक द्रव्य वेगळे केले. ते बेडकाच्या त्वचेचा काळसर रंग फिका करीत असल्यामुळे त्याला मेलॅटोनिन असे नाव दिले गेले. त्याचा ऋतूंशी असलेला संबंध आर्. ए. हॉफमन व आर्. जे. रायटर यांच्या प्रयोगाने (१९६५) उघड झाला. अतिशय लहान दिवसात ठेवलेल्या नर हॅमस्टरांची वृषणे आक्रसली. परंतु ज्यांचा तृतीय नेत्र पिंड काढून टाकला होता त्यांच्यावर अंधाराचा असा परिणाम झाला नाही.

व्यत्यासोपरी केंद्रकांकडून या पिंडाकडे जाणारा मार्ग वळणावळणाचा आहे. संकेत अधोथॅलॅमसमधून मेरुरज्जूत उतरतो, मानेतील वरच्या अनुकंपी गुच्छिकेत (तंत्रिका कोशिकांच्या गाठीत) पोहोचतो व तेथून परत वर येऊन पिंडात शिरतो. रात्री या तंत्रिकांच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन हे द्रव्य बाहेर पडते व त्यामुळे मेलॅटोनिनाचे उत्पादन सुरू होते. ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून सेरोटोनिन व त्यापासून दोन टप्प्यांत मेलॅटोनिन तयार होते. यांतील पहिल्या टप्प्याच्या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाची) क्रियाशीलता रात्री अनेक पटींनी वाढते, असे डी. सी. क्लाइन व जे. एल्. वेलर यांनी १९७० मध्ये उंदरांत दाखविले. मध्यरात्री थोडा वेळ तीव्र प्रकाश पडला तरी ती झपाट्याने घसरते. मेलॅटोनिन साठवून ठेवले जात नाही. ते तयार होताच रक्तात मिसळते व यकृतात लवकर नष्ट होते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण रात्रीच्या लांबीचे बरेचसे हुबेहूब चित्र असते. हिवाळ्याच्या लांब रात्री त्याचे स्रवण दीर्घकाळ, तर उन्हाळ्याच्या छोट्या रात्री अल्पकाळ चालते. दिवसा हिंडणारे व रात्री हिंडणारे अशा दोन्ही प्रकारच्या प्राण्यांत ते रात्रीच स्रवते. म्हणून त्याला सरसकट झोपेचे हॉर्मोन म्हणणे बरोबर नाही. प्रयोगशाळेतील अनेक शुद्ध वंशांच्या पांढऱ्या व काळ्या उंदरांत मेलॅटोनिन जवळजवळ तयारच होत नसल्यामुळे या विषयातील संशोधन मुख्यत्वे हॅमस्टर व मेंढी यांवर झाले आहे.

स्रवणाच्या कालावधीलाच अर्थ आहे, हे डी. एस्. कार्टर व बी. डी. गोल्डमन यांनी १९८३ मध्ये सिद्ध केले. तृतीय नेत्र पिंड काढलेल्या सायबीरियन हॅमस्टरांच्या पिलांना त्यांनी दररोज ठराविक तास त्वचेखाली मेलॅटोनिन सावकाश टोचले. चार ते सहा तास मिळालेल्यांची वृषणे उन्हाळ्याप्रमाणे वाढली. आठ ते बारा तास मिळालेल्यांची वाढ हिवाळ्याप्रमाणे खुंटली. त्याच सुमारास मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगांतही कालावधीच निर्णायक ठरला. परंतु परिणाम उलट होता. दीर्घकाळ दिलेल्या मेलॅटोनिनाने मेंढीची प्रजननसंस्था कार्यान्वित झाली, तर अल्पकाळ दिलेल्याने ती मंदावली.

संकेताचे वाचन : मेलॅटोनिनाचा संकेत ग्रहण करणारे महत्त्वाचे ठिकाण पोष ग्रंथीच्या देठाभोवती वेढलेला पातळ थर हे होय. त्याला पार्स ट्यूबरॅलिस म्हणतात. त्याच्या कोशिकांवर मेलॅटोनिनाचे ग्राही (त्या हॉर्मोनाशी बद्ध होणारी प्रथिने) दाटीने असतात. जी. ए. लिंकन व आय्. जे. क्लार्क यांनी १९९४ मध्ये एडक्यांच्या पोष ग्रंथीचा अधोथॅलॅमसशी असलेला संबंध शस्त्रक्रियेने तोडला, तरीही दिवसाच्या लांबीनुसार प्रोलॅक्टिन या हॉर्मोनाचे प्रमाण बदलत राहिले. केसांचे आवरण बदलण्याशी संबंधित असलेले हे हॉर्मोन मोठ्या दिवसांत वाढते. अर्थात ऋतूचा एक निर्णय पोष ग्रंथीतच घेतला जातो.

प्रजननाविषयीच्या निर्णयाचा मार्ग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उलगडला. त्याची पहिली कडी टी. योशिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांना जपानी लाव्यात सापडली (२००३) व नंतर मेंढी, हॅमस्टर व उंदीर यांतही तोच मार्ग असल्याचे आढळले. अंधार पडून मेलॅटोनिन स्रवू लागल्यानंतर सु. बारा तासांनी पार्स ट्यूबरॅलिसमधील एक विशिष्ट जीन कार्य करू लागतो. रात्र लहान असेल तर त्या वेळी उजाडलेले असते, मेलॅटोनिन ओसरलेले असते व या जीनाचे कार्य जोमाने चालते. रात्र लांब असेल तर मेलॅटोनिन अद्याप असते व जीन दडपला जातो. ब्यूनिंग यांनी कल्पिलेल्या प्रकाशसंवेदी प्रहराशी या योजनेचे लक्षणीय साम्य आहे. जीनाच्या कार्यामुळे पार्स ट्यूबरॅलिसमधून अवटू-उद्दीपक हॉर्मोन स्रवते. एरवी हे हॉर्मोन गळ्यातील अवटू ग्रंथीला चालना देते. परंतु येथून ते शेजारच्या अधोथॅलॅमसमध्ये जाते. तेथील मस्तिष्क विवराच्या अस्तरातील टॅनिसाइट नावाच्या कोशिकांत ते एक एंझाइम निर्माण करविते आणि त्या एंझाइमामुळे थायरॉक्सिनाचे अधिक क्रियाशील अशा ट्राय-आयडोथायरोनिन या हॉर्मोनात रूपांतर होते. अशा रीतीने मोठ्या दिवसांत अधोथॅलॅमसपुरते हे हॉर्मोन वाढते व लहान दिवसांत घटते. लहान दिवसांत ठेवलेल्या हॅमस्टरांच्या मेंदूत अवटू-उद्दीपक हॉर्मोन सोडल्यावर त्यांची आक्रसलेली वृषणे पुन्हा वाढली (२०१३).

येथपर्यंतची साखळी हॅमस्टर व मेंढी यांत सारखीच आहे. फरक त्यापुढे पडतो. प्रजननाची अखेरची किल्ली अधोथॅलॅमसमधील ज्या हॉर्मोनाच्या हाती असते ते पोष ग्रंथीतून जनन ग्रंथिपोषक हॉर्मोने मुक्त करविते. त्याच्या स्रवणाला किसपेप्टिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या तंत्रिका कोशिका उत्तेजन देतात. हॅमस्टरमध्ये किसपेप्टिनाचे प्रमाण लहान दिवसांत घटते, तर मेंढीत ते लहान दिवसांत वाढते. मेंढीत मोठ्या दिवसांच्या काळात अधोथॅलॅमस स्त्रीमदजनाच्या (एस्ट्रोजेनाच्या) रोधक परिणामाला अतिशय संवेदनशील होतो व माज बंद राहतो. अवटू ग्रंथी काढून टाकलेल्या मेंढीचा प्रजननकाल सुरू झाल्यावर संपतच नाही. हॅमस्टरमध्ये जे हॉर्मोन प्रजनन सुरू करण्यास लागते, तेच मेंढीत प्रजनन थांबविण्यास लागते, असा याचा अर्थ होतो.

पूर्वानुभव व वार्षिक घड्याळ : मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी दिवस सारख्याच लांबीचा असतो, तरी एकापुढे उन्हाळा व दुसऱ्यापुढे हिवाळा असतो. केवळ आजचा दिवस मोजून प्राण्याला ऋतू कळणार नाही. कालचा दिवस लहान होता की मोठा, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे. हे ज्ञान जन्मापूर्वीच सुरू होते, असे सायबीरियन हॅमस्टरमध्ये आढळले आहे. १४ तासांच्या दिवसात जन्मलेल्या व वाढलेल्या पिलांपैकी ज्यांच्या माता गर्भारपणी १६ तासांच्या दिवसात होत्या त्यांची वृषणे सावकाश वाढली, तर ज्यांच्या माता त्याहून लहान दिवसात होत्या त्यांची झपाट्याने वाढली. पहिल्या पिलांना दिवस लहान होत आहेत असे व दुसऱ्यांना ते मोठे होत आहेत असे ‘वाटले’. मातेचे मेलॅटोनिन वारेतून गर्भापर्यंत जाते व हा संदेश पोहोचविते.

लहान दिवस कितीही काळ चालू ठेवले तरी हॅमस्टरची वृषणे कायमची आक्रसलेली राहत नाहीत. सु. वीस आठवड्यांनंतर ती आपोआप वाढू लागतात. या स्थितीला अप्रतिसादी अवस्था म्हणतात. बिळात अंधारात हिवाळा काढणाऱ्या प्राण्याला वसंतातील वाढता दिवस दिसत नाही. तरी बाहेर पडण्याच्या वेळी तो प्रजननक्षम असतो, तो यामुळेच. काही प्राण्यांत तर जवळजवळ वर्षाचे स्वतंत्र घड्याळच असते. ई. टी. पेंगेली व के. सी. फिशर यांनी उत्तर अमेरिकेतील सोनेरी पाठीच्या भूखारी स्थिर तापमानात व रोज १२ तास प्रकाशात ठेवल्या, तरी त्यांचे वजन वाढणे व शीतनिष्क्रिय होणे हे चक्र वर्षाहून काहीशा कमी कालावधीने चालू राहिले [→ शीतनिष्क्रियता]. अशा प्राण्यांत दीप्तिकालाचे काम चक्र निर्माण करण्याचे नसून ते खऱ्या वर्षाशी जुळते ठेवण्याचे असते. मेंढीच्या पार्स ट्यूबरॅलिसमधील कोशिका ‘उन्हाळी’ वा ‘हिवाळी’ यांपैकी एकाच अवस्थेत असतात व ऋतू पालटताना त्यांचे परस्पर प्रमाण बदलते, असे २०१५ मध्ये दिसून आले. या वार्षिक घड्याळाचा आधार त्यात असावा, असे मानले जाते.

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही व हिवाळ्यात उगवत नाही. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरील रेनडियरांच्या हालचालींतील दैनिक आवर्तन या दोन्ही काळांत नाहीसे होते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही त्यांचे वार्षिक चक्र काटेकोर असते.

प्रजननाव्यतिरिक्त परिणाम : सायबीरियन हॅमस्टरचा करडा रंग लहान दिवसांत पांढरा होतो, वजन बरेच घटते व तो दिवसातून काही तास जडावस्थेत जाऊन शरीराचे तापमान उतरवितो. अन्न मुबलक असतानाही वजन घटते. त्यामुळे ही उपासमार नसून अन्नाची गरज कमी करण्याची पूर्वनियोजित तरतूद आहे. मिंक या लोकरी चामड्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यात मार्चमधील समागमानंतर गर्भ काही काळ गर्भाशयाला न चिकटता सुप्त राहतो. दिवस वाढून प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे तो रुजतो. मानवातही अंधाराचे तास वाढविल्यास मेलॅटोनिनाचा स्रवणकाल वाढतो. मात्र त्याचे प्रजनन ऋतुबद्ध नाही.

उष्ण कटिबंधातील स्थिती : महाराष्ट्रासारख्या प्रदेशात दिवसाच्या लांबीतील वार्षिक फरक सु. सव्वादोन तासांचाच असल्याने पाऊस, उष्णता व चारा यांचा प्रभाव अधिक असतो. दख्खनी मेंढी व उस्मानाबादी शेळी यांच्यात युरोपीय मेंढ्यांसारखा दीर्घ अप्रजननकाल आढळत नाही. म्हशीत मात्र ऋतुबद्धता दिसते. भारतात म्हशी माजावर येण्याचे प्रमाण पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात अधिक आणि उन्हाळ्यात कमी असते. ती लघुदिन प्रजनकांत गणली जाते; तथापि उन्हाचा ताण व हिरव्या चाऱ्याची टंचाई यांचा वाटा दीप्तिकालापासून वेगळा काढणे अवघड आहे. वाराणसी येथील बनारस हिंदू विद्यापीठात पाच पट्ट्यांच्या खारीवर झालेल्या संशोधनात तृतीय नेत्र पिंडाची क्रियाशीलता व जनन ग्रंथींची क्रियाशीलता वर्षभर एकमेकींच्या उलट बदलतात, असे आढळले आहे. तेव्हा विषुववृत्ताच्या बाजूला आल्याने ही यंत्रणा लोप पावते असे नाही.

उपयोग : शर्यतीच्या घोड्यांचे वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीपासून मोजले जात असल्यामुळे शिंगरू वर्षारंभी जन्मणे फायद्याचे असते. त्यासाठी घोड्यांना डिसेंबरपासून दिव्यांच्या साहाय्याने सु. १६ तासांचा दिवस देतात. त्यामुळे त्या नेहमीपेक्षा लवकर माजावर येतात. मेंढ्यांच्या कानामागे त्वचेखाली १८ मिग्रॅ. मेलॅटोनिनाची गोळी बसविली असता ती काही आठवडे सावकाश विरघळते, शरीराला रात्र लांबल्याचा संकेत मिळतो व वसंताच्या अखेरीसही मेंढ्या फळतात. ऑस्ट्रेलियात व युरोपात ही पद्धत वापरात आहे.

बदलते पर्यावरण : लक्षावधी वर्षे विश्वासार्ह ठरलेला हा निर्देशक अलीकडे दोन कारणांनी फसवा होऊ लागला आहे. पहिले कारण रात्रीचा कृत्रिम प्रकाश हे होय. ऑस्ट्रेलियातील टामर वॉलबी या छोट्या कांगारूसारख्या प्राण्याची पिले तेथील मोठा दिवस उलटून गेल्यावर, जानेवारीच्या अखेरीस जन्मतात. दिव्यांनी उजळलेल्या नौदल तळाजवळ राहणाऱ्या वॉलबींत मेलॅटोनिनाचे प्रमाण घटले व प्रसूती सु. एक महिना लांबल्या, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे कारण जलवायुमानातील बदल हे होय. तापमान वाढल्याने वसंत लवकर येतो, पण दिवसाची लांबी पूर्वीइतकीच राहते. पश्चिम ग्रीनलंडमध्ये गवत-झुडपे लवकर उगवू लागली. कॅरिबूंच्या प्रसूतीचा काळ मात्र त्या प्रमाणात सरकला नाही व पिलांची संख्या घटली (२००८). उत्तर अमेरिकेतील स्नोशू सशाचा रंग दीप्तिकालानुसार ठरलेल्या वेळी पांढरा होतो. बर्फ उशिरा पडल्यास तो उघड्या जमिनीवर शत्रूच्या नजरेस सहज येतो व त्याच्या जगण्याचे प्रमाण कमी होते. अशा जातींत रंग पालटण्याच्या वा समागमाच्या वेळेत व्यक्तिपरत्वे आनुवंशिक भेद असतात. बदलत्या ऋतूंशी या भेदांतून निवड होऊन त्या पुन्हा जुळवून घेतील की नाही, हे त्यांची पिढी किती लवकर पालटते व ऋतू किती वेगाने सरकतात यांवर अवलंबून राहील.